उंदरांची साक्ष

'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध आपणांपैकी प्रत्येकाने शाळेत निदान एकदा तरी लिहिलेला आहे. त्याचा साचा ठरलेला असतो. पहिल्या परिच्छेदात विजेचा दिवा, आगगाडी आणि शस्त्रक्रिया. दुसऱ्यात अणुबाँब आणि प्रदूषण. आणि शेवटी 'विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, सारे वापरणाऱ्यावर अवलंबून' असे म्हणून लेखणी खाली ठेवायची. गुण बरे मिळतात, पण विचार एक पाऊलही पुढे सरकत नाही. मोबाईल फोनबद्दल आज आपल्याकडे जी चर्चा चालते ती नेमकी याच साच्यातली आहे. एक म्हणतो, 'मोबाईलने कॅन्सर होतो, उंदरांवर सिद्ध झाले आहे.' दुसरा म्हणतो, 'काही होत नाही, साऱ्या अफवा आहेत.' तिसरा शहाणा म्हणतो, 'अति तेथे माती.' या तिघांपैकी कोणी त्या उंदरांचे नेमके काय झाले हे वाचलेले असते का? बहुधा नाही.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात नाक खुपसावे का, असा प्रश्न काहीजण विचारतील. माझे उत्तर असे की, हे काम काही अंशी आपलेच आहे. इतिहासाच्या तासाला आपल्याला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक शिकवतात. बखर रंगतदार असते, पण ती मागाहून आणि कोणाच्या तरी बाजूने लिहिलेली असते. अस्सल कागद रुक्ष असतो. पण इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वणवण फिरले ते त्या रुक्ष कागदांसाठी. मोबाईल आणि उंदीर या प्रकरणातही वर्तमानपत्रांचे मथळे म्हणजे बखर आहे आणि प्रयोगशाळेचे अहवाल म्हणजे अस्सल कागद. अहवाल उघडून त्यात कोण काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो आणि कोठे थांबतो हे पाहायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

प्रथम शब्दाबद्दल थोडेसे. मराठीत या लहरींना सर्रास 'किरणोत्सर्ग' म्हटले जाते. हा शब्द वास्तविक युरेनियम, रेडियम अशा द्रव्यांतून आपोआप बाहेर पडणाऱ्या किरणांसाठी आहे. तो कानावर पडला की हिरोशिमा आणि चेर्नोबिल डोळ्यांसमोर येतात आणि माणूस विचार करण्याच्या आधीच घाबरतो. मोबाईलमधून निघतात त्या रेडिओच्या जातीच्या विद्युच्चुंबकीय लहरी. त्यांच्यासाठी 'प्रारण' हा साधा, तटस्थ शब्द मराठीत आहे. अणूतून इलेक्ट्रॉन उखडून टाकण्याइतकी ऊर्जा क्ष-किरणांत असते, या लहरींत नसते. त्यांचा निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे ऊब. म्हणून कित्येक वर्षे शास्त्रज्ञांचे गणित सरळ होते: शरीर तापत नसेल तर धोका नाही. तापण्याच्या खालच्या पातळीवर, वर्षानुवर्षे, आणखी काही घडते का, हा खरा प्रश्न आहे. आणि तो उंदरांना विचारला गेला.

उंदरांनाच का? कारण माणसाला विचारून नीट उत्तर मिळत नाही. 'दहा वर्षांपूर्वी आपण दिवसाला किती मिनिटे बोलत होता आणि कोणत्या कानाला फोन लावत होता?' असे मेंदूत गाठ झालेल्या रुग्णाला विचारले तर तो काय सांगणार? तेरा देशांत मिळून झालेल्या 'इंटरफोन' नावाच्या पाहणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा याच स्मरणशक्तीच्या अडचणीवर मोठा वाद झाला. शिवाय माणूस धूर पितो, धूळ खातो, शेतात औषधे फवारतो. कशामुळे काय झाले हे वेगळे कसे काढायचे? प्रयोगशाळेतल्या उंदराचे अन्न, पाणी, उजेड, वंश, सारे माहीत असते. एका गटाला लहरी द्यायच्या, दुसऱ्याला द्यायच्या नाहीत, बाकी सर्व सारखे ठेवायचे. तर्कशास्त्राच्या पुस्तकात मिलची व्यतिरेक पद्धती आपण पाठ करतो. ती तिथे प्रत्यक्षात उतरलेली असते.

या साक्षीचा इतिहास मात्र सरळ रेषेचा नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील प्रयोगाने जगभर खळबळ उडवली. मुद्दाम कर्करोगप्रवण केलेल्या जातीच्या माद्यांना दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास लहरी दिल्या, तर त्यांच्यात लिम्फोमा या कर्करोगाचे प्रमाण न दिलेल्या माद्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट निघाले. पुढे त्याच देशात दुसऱ्या गटाने तोच प्रश्न अधिक उंदीर घेऊन आणि लहरींच्या वेगवेगळ्या मात्रा वापरून पुन्हा विचारला. २००२ साली आलेले त्यांचे उत्तर होते: वाढ दिसत नाही. पहिला मथळा सर्वांनी वाचला, दुसरा फार थोड्यांनी. आपल्या देशातही प्रयोग झाले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधकांनी नर उंदरांना रोज दोन तास याप्रमाणे पस्तीस दिवस मोबाईलच्या लहरींत ठेवले आणि त्यांच्यातील शुक्राणूंची संख्या घटल्याचे २०१० साली प्रसिद्ध केले. परंतु मोजक्या प्राण्यांवरच्या अशा प्रयोगातून फार मोठे अनुमान काढता येत नाही. एका साक्षीदारावर खटला उभा राहत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आता मुख्य साक्षीकडे वळू. १९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेथील 'राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रम' या सरकारी संस्थेला मोबाईलच्या लहरींचा अभ्यास करण्यास सांगितले. शिफारशीपासून अखेरच्या अहवालापर्यंत जवळजवळ वीस वर्षे लोटली आणि खर्च झाला सुमारे तीन कोटी डॉलर. हा पैसा जनतेचा होता, कोणत्याही मोबाईल कंपनीचा नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्रयोगाची मांडणीही वाचण्यासारखी आहे. पूर्वीच्या कित्येक प्रयोगांत उंदराला अरुंद नळीत कोंबून लहरी देत. त्यामुळे लहरींचा परिणाम कोणता आणि कोंडमाऱ्याचा कोणता हे कळत नसे; शिवाय दिवसातून फार वेळ तसे ठेवताही येत नसे. या वेळी शिकागो येथील एका संशोधन संस्थेच्या तळघरात धातूच्या भिंतींच्या एकवीस खोल्या उभारल्या. त्यांत लहरी भिंतींवर आपटून सर्व दिशांनी सारख्या पसरत आणि उंदीर आपापल्या पिंजऱ्यात मोकळे फिरत. दहा मिनिटे लहरी चालू, दहा मिनिटे बंद, असे दिवसाचे सुमारे अठरा तास. म्हणजे प्रत्यक्ष लहरी रोज नऊ तास दहा मिनिटे. असे दोन वर्षे. उंदराचे आयुष्य पाहता दोन वर्षे म्हणजे जवळपास संपूर्ण जन्म. इंग्रजीत रॅट आणि माऊस असे दोन प्राणी वेगळे मानतात, आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो. येथे दोन्ही जाती वापरल्या. मोठ्या जातीच्या उंदरांना तर आईच्या पोटात असल्यापासून लहरी मिळाल्या. दर गटात नव्वद नर आणि नव्वद माद्या.

मात्रा मोजण्याचे एकक म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे किती वॅट ऊर्जा शोषली जाते ते. मोठ्या उंदरांना दीड, तीन आणि सहा वॅट अशा तीन पातळ्यांवर, जीएसएम आणि सीडीएमए अशा दोन्ही पद्धतींच्या लहरी दिल्या. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून १.६ वॅटची मर्यादा आहे. ती शरीराच्या कोणत्याही एका ग्रॅम भागापुरती मोजतात. म्हणजे माणसाच्या कानाजवळच्या एखाद्या जागी कायद्याने जेवढी कमाल ऊर्जा चालते, जवळजवळ तेवढी उंदरांच्या सबंध देहाला कमीत कमी मिळत होती. हा फरक विसरून केलेले कोणतेही विधान फोल आहे.

निष्कर्ष काय निघाले? मोठ्या जातीच्या नर उंदरांत हृदयातील मज्जातंतूंच्या आवरणाला दुर्धर गाठी आढळल्या. त्या आवरणाच्या पेशींना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून 'श्वान पेशी' म्हणतात आणि गाठीला 'श्वानोमा'. कुत्र्याशी त्यांचा काही संबंध नाही. लहरी न दिलेल्या नव्वद नरांत अशी एकही गाठ नव्हती. जीएसएम लहरींच्या तीन चढत्या पातळ्यांवर नव्वदांमागे अनुक्रमे २, १ आणि ५. सीडीएमएच्या पातळ्यांवर २, ३ आणि ६. काही नरांच्या मेंदूत 'ग्लायोमा' नावाच्या गाठी निघाल्या, त्याही लहरी न दिलेल्या गटात शून्य होत्या. माद्यांमध्ये आणि लहान जातीच्या उंदरांमध्ये मात्र काहीच ठामपणे सांगण्यासारखे आढळले नाही. गर्भारपणात आणि अंगावर पाजताना लहरी मिळालेल्या माद्यांचे आणि त्यांच्या नवजात पिलांचे वजन, विशेषतः वरच्या पातळीवर, कमी भरले. पण पुढे ती वाढून नेहमीसारखी झाली.

या संस्थेची पुराव्याला प्रती लावण्याची पद्धत आहे: स्पष्ट पुरावा, काही पुरावा, संदिग्ध पुरावा आणि पुरावा नाही. फेब्रुवारी २०१८ मधील कच्च्या अहवालात हृदयाच्या गाठींना 'काही पुरावा' ही प्रत दिली होती. मार्चमध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी उघड्या बैठकीत तो अहवाल तपासला आणि प्रत वाढवून 'स्पष्ट पुरावा' करावी असे सुचवले. मेंदूच्या गाठींची प्रतही 'संदिग्ध' वरून 'काही' वर नेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये अखेरचा अहवाल त्याच शब्दांत निघाला. गंमत अशी की, ज्या अन्न व औषध प्रशासनाने हा अभ्यास मागितला होता, त्यानेच 'स्पष्ट पुरावा' हा निष्कर्ष आपल्याला मान्य नाही आणि तो माणसाच्या मोबाईल वापराला लावू नये, असे जाहीर केले. खुद्द प्रयोग करणाऱ्या संस्थेनेही उंदरांना मिळालेली मात्रा आणि माणसाला मिळणारी मात्रा यांची थेट तुलना करता येत नाही, हे स्वच्छ सांगितले आहे.

येथवर वाचून 'मोबाईलने कॅन्सर होतो' असे म्हणणाऱ्याला आनंद होईल. पण त्याच अहवालात आणखी एक ओळ आहे, ती त्याने गाळू नये. लहरी मिळालेले नर उंदीर न मिळालेल्या नरांपेक्षा जास्त जगले! लहरी न दिलेल्या नरांपैकी दोन वर्षांअखेर अवघे २८ टक्के जिवंत होते. लहरींतल्या गटांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक. याचे एक कारण असे दिसते की, म्हातारपणी या जातीच्या नरांना मूत्रपिंडाचा जो विकार होतो तो लहरींतल्या नरांत सौम्य होता. पण तो सौम्य का झाला हे कोडेच आहे. म्हणून मग 'मोबाईल वापरा, दीर्घायुषी व्हा' असे म्हणायचे का? तसे कोणी म्हणत नाही. मग त्याच कागदावरची एक ओळ उचलून दुसरी झाकायची, हा कोणता न्याय? टीकाकारांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे: जे लवकर मेले त्यांना गाठ व्हायला वेळच कोठे मिळाला? आणि एरवी या जातीच्या उंदरांत, लहरी न देताही, अधूनमधून अशा गाठी निघतात. मग याच गटात शून्य कशा? नव्वदांत शून्याऐवजी एक-दोन असत्या तर पाच-सहाचे वजन थोडे कमी झाले असते.

परंतु 'काही होत नाही' म्हणणाऱ्यालाही येथे सुटका नाही. त्याच २०१८ साली इटलीतील बोलोन्या येथील रामाझिनी संस्थेने आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. तेथे २४४८ उंदीर होते आणि टॉवरपासून दूर राहणाऱ्या माणसाला मिळाव्यात तशा, अमेरिकेतील प्रयोगापेक्षा कितीतरी मंद लहरी त्यांना रोज एकोणीस तास, जन्मापूर्वीपासून नैसर्गिक मृत्यूपर्यंत दिल्या. सर्वांत वरच्या पातळीवरच्या नर उंदरांत हृदयाच्या त्याच गाठी संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरण्याइतक्या वाढल्या होत्या. दोन खंडांतल्या दोन प्रयोगशाळा, दोन वेगळ्या पद्धती, आणि बोट एकाच जागी! आणखी एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले, ते माणसांतील दोन प्रकारच्या गाठींवरून: मेंदूतला ग्लायोमा आणि कानाच्या मज्जातंतूवरची गाठ. कानाची ही गाठ श्वान पेशींचीच असते. माणसांत संशय ज्या दोन जातींच्या पेशींवर होता, त्याच जातींच्या पेशी उंदरांत बिघडल्या. हा योगायोग असू शकेल. पण 'काहीच नाही' म्हणून उडवून लावण्यासारखा तो नक्कीच नाही.

यानंतरचा अध्याय तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या सर्व अभ्यासांचा आढावा घेण्याचे काम निरनिराळ्या तज्ज्ञगटांकडे सोपवले होते. माणसांवरील ६३ अभ्यास पाहणाऱ्या गटाने २०२४ साली सांगितले की, मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसत नाही. प्राण्यांवरील ५२ अभ्यास पाहणाऱ्या दुसऱ्या गटाने २०२५ साली सांगितले की, नर उंदरांतील हृदयाच्या श्वानोमाचा आणि मेंदूच्या ग्लायोमाचा पुरावा उच्च प्रतीचा आहे. एकाच संघटनेसाठी लिहिलेले हे दोन अहवाल! बखरकारांनी आपापल्या सोयीचा एक उचलला आणि दुसरा दडवला. पण नीट पाहिले तर दोघांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. सबंध देहाला, रोज नऊ तास, जन्मभर, मोठ्या मात्रेत जे उंदराला होते ते कानाजवळ घटकाभर फोन धरणाऱ्या माणसाला न होणे अगदी शक्य आहे. पण उंदरात काही घडते हे एकदा मान्य केले की 'शरीर तापले नाही तर काहीच घडत नाही' हे जुने गणित पुन्हा तपासावे लागते. कोणत्या मात्रेला घडते, कशामुळे घडते, नरांतच का घडते, हे प्रश्न तसेच उभे राहतात.

हे सारे मी इतक्या तपशिलाने का लिहिते आहे? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे कोणाला औषधाच्या बाटलीवरचे वाचून हवे असते, कोणाला बँकेचा कागद; आणि अलीकडे हा प्रश्नही माझ्याकडेच येतो. आजी विचारते, 'पोरी, ह्या डबड्यानं डोस्क्यात गाठ हुती म्हणत्यात, खरं का गं?' गावातले कोणी सांगतात, टॉवर आला आणि चिमण्या गेल्या. वहिनीला सातवा महिना आहे. ती दुपारी आडवी होते तेव्हा फोन पोटावर ठेवून ऐकत असते. तिने परवा विचारले, 'वन्सं, तुम्ही शिकताय, तुम्हीच सांगा. बाळाला काही होईल का?' मित्रहो, या प्रश्नाला 'विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे' असे उत्तर देता येत नाही. 'होईल' म्हणावे तर उरलेले दोन महिने ती जीव मुठीत धरून काढील. 'काही होत नाही' म्हणावे तर तेवढे ठाम सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला?

मी तिला सांगितले ते असे. माणसाच्या बाळाला यामुळे काही झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तेव्हा घाबरायचे कारण नाही. उंदरांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मात्रा दिली तेव्हा पिले थोडी हलकी जन्मली, पण पुढे वाढली. तरी फोन पोटावरच ठेवला पाहिजे असेही काही नाही. शेजारच्या फळीवर ठेवला तरी गाणे तेवढेच ऐकू येते. या लहरी अंतराने झपाट्याने विरतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की जोर साधारण चौथाईवर येतो. रेंज नसते तेव्हा फोन अधिक जोर लावतो, म्हणून तेव्हा लांबलचक बोलू नये. उशीखाली ठेवू नये. एवढे करायला पैसा लागत नाही आणि भीतीही लागत नाही. बहुतेक फोनवर *#०७# दाबले की त्या फोनची मात्रा दिसते, ती मी तिला काढून दाखवली. मर्यादेच्या आत होती. ती हसली आणि फोन फळीवर गेला. आजीचे मात्र समाधान झाले नाही. 'म्हंजे हुती का न्हाई, येक काय ते सांग' असे तिचे म्हणणे. आजीचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही. इतकी वर्षे, इतका पैसा आणि इतके जीव खर्ची पडल्यावर सामान्य माणसाने एक उत्तर मागावे यात गैर काय?

पण ते उत्तर देण्याचे काम आज रेंगाळलेले आहे, आणि माझा खरा आक्षेप येथेच आहे. शिकागोच्या तळघरात तपासल्या गेल्या त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या लहरी. आपण आज वापरतो त्या चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या. अहवाल निघाला तेव्हाच तो पुष्कळसा मागे पडलेला होता. तरी त्या संस्थेने पुढच्या छोट्या प्रयोगांची तयारी चालवली होती. परंतु हे काम अपेक्षेपेक्षा अवघड आणि खर्चाचे ठरल्याने या विषयावर पुढे प्रयोग करण्याचा बेत नाही, असे २०२४ च्या आरंभी तिकडून सांगण्यात आले. प्रश्न विचारणाऱ्याने अर्ध्यातच वही मिटली. जपान आणि दक्षिण कोरिया या देशांनी निदान अमेरिकेचा प्रयोग पडताळून पाहण्याचे काम अंगावर घेतले. आणि आपण? शंभर कोटींहून अधिक मोबाईल जोडण्या असलेला आपला देश दुसऱ्याच्या प्रयोगशाळेकडे किती दिवस पाहत बसणार?

आपल्याकडे काहीच झाले नाही असे नव्हे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक गिरीश कुमार यांनी २०१० साली टॉवरच्या लहरींविषयीचा अहवाल दूरसंचार विभागाला सादर केला होता, आणि त्या सुमारास या विषयावर बरीच चर्चा झाली. २०१२ साली सरकारने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. हे पाऊल सावधगिरीचे होते आणि चांगले होते. पण मर्यादा कमी करणे वेगळे आणि ती किती असावी हे स्वतः तपासून ठरवणे वेगळे. आपल्याकडे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत, लहरींचे शास्त्र जाणणारे अभियंते आहेत, संख्याशास्त्राची तर आपल्या देशाला मोठी परंपरा आहे. सार्वजनिक पैशातून, दोन-तीन विद्यापीठांनी मिळून, आजच्या लहरींवर, पुरेशा प्राण्यांवर एक चोख प्रयोग करणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे काय? आणि तो निष्कर्ष 'संबंध नाही' असा निघाला तरी तो वाया गेला असे मी म्हणणार नाही. ॲडलेडचा दुसरा प्रयोग वाया गेला नव्हता. त्याने एक भीती खाली आणली.

एक शंका उरते ती प्राण्यांच्या बाजूची. प्रयोग वाढवा म्हणणे म्हणजे आणखी उंदीर मारा म्हणणे नव्हे काय? आहे, हे नाकबूल करून चालणार नाही. ज्या उंदराने फोनवर एक शब्द बोलायचा नाही, त्याने आपल्या बोलण्यासाठी जन्मभर बंद खोलीत राहायचे आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली चकत्या होऊन पडायचे, हा व्यवहार एकतर्फी आहे. पण म्हणूनच मोजक्या प्राण्यांवर उरकलेले, कोणालाच काही न सांगणारे दहा प्रयोग करण्यापेक्षा नीट आखलेला एकच प्रयोग अधिक दयेचा आहे. आणि झालेल्या प्रयोगाचा अहवाल कोणी न वाचणे, किंवा त्यातली सोयीची ओळ तेवढी फाडून घेणे, ही तर त्या प्राण्यांशी केलेली शुद्ध कृतघ्नता आहे.

तेव्हा माझी विनंती दोन ठिकाणी आहे. प्राध्यापकांना अशी की, विज्ञान शाखेच्या सरांना आमच्या वाङ्मय मंडळात वर्षातून एकदा तरी बोलवावे आणि अशा एखाद्या अहवालाचे वाचन आम्हा कला शाखेच्या मुलांपुढे ठेवावे. आम्हीही पुरावा कसा तोलायचा याबद्दल चार शब्द बोलू. सहाध्यायांना अशी की, यापुढे फोनवर 'उंदरांवर सिद्ध झाले आहे' असा निरोप आला तर तो पुढे ढकलण्यापूर्वी चार प्रश्न विचारा: किती उंदीर, किती मात्रा, किती दिवस आणि दुसऱ्या कोणी पडताळले का? निरोप धाडणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो निरोप तेथेच थांबवा. आणि ठाऊक असेल तर त्याच्याशी अवश्य वाद घाला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी या प्रश्नाचे उत्तर मागायला दुसरे कोणी माणूस नाही. ते आपल्याकडेच मागितले जाणार आहे.